आरसा पुसून चालू झालेली गाडी

“...मग तू काय केलंस?”

“कार्बोरेटर उघडला, वस्ताद. जेट साफ केले.”

“मग?”

“मग झाली की चालू.”

“पुढच्या खेपेला?”

“परत तिथंच मेली. घाटात, उंबराच्या वळणावर. तवा पॉइंट घासले.”

“मग?”

“झाली चालू.”

“आणि त्याच्या पुढच्या खेपेला?”

“कॉइल बदलली. झाली चालू. त्याच्या पुढं पंप खोलला, आतला पडदा नवा टाकला. झाली चालू. गेल्या खेपेला कंडेन्सर... वस्ताद, तुम्ही हसताय?”

दस्तगीर वस्ताद हसत नव्हते. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि एक दाणा खवट निघाला म्हणून त्यांचं तोंड तसं झालं होतं. त्यांनी तो थुंकला आणि पुढची शेंग उचलली.

दिगंबर लोहाराला मात्र बसवत नव्हतं. तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. वस्तादांच्या लेकीनं दिलेला चहा कठड्यावर तसाच गार झाला होता.

कोल्हापुरातल्या निम्म्या गॅरेजांचे मिस्त्री दस्तगीर वस्तादांच्या हाताखालून गेलेले. वय झालं तसं त्यांनी गॅरेज बंद केलं आणि घाटाखालच्या या गावात लेकीकडं येऊन राहिले. दिगंबर हा त्यांचा सगळ्यात हुशार पठ्ठा. वस्ताद हे एकदाच म्हणाले होते, दिगंबर रोज म्हणायचा.

तसं त्यात खोटं काही नव्हतं. जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्या पुण्याहून, बेळगावाहून त्याच्या दारात यायच्या. असल्या गाड्यांची दुखणी त्याला तोंडपाठ होती. तेल गळणं तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. दमट हवेत दिवे रुसायचे, दुसऱ्या गिअरला दात खायच्या, गर्दीत अडकल्या की तापायच्या. दिगंबर नुसता कान देऊन दुखण्याचं नाव सांगायचा आणि ते बहुतेक खरं निघायचं.

ही एक गाडी मात्र त्याला दाद देत नव्हती.

लाल, उघडी, दोनच माणसांची, लांब नाकाची गाडी. डॉक्टर वसुधा सरदेसाई यांची. बाईंनी ती तरुणपणी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, आणि घेतली तेव्हाही ती जुनीच होती. आता बाईंची सत्तरी उलटली. तरी महिन्यातून एकदा त्या ती चालवत कोकणात बहिणीकडं उतरायच्या आणि त्याच दिवशी घाट चढून परत यायच्या. शेजारच्या सीटवर कुणाला बसवून न्यायची त्यांची पद्धत नव्हती. गाडी अडली की त्या दिगंबरला फोन करायच्या आणि तो घाटात जाऊन ती चालू करून द्यायचा.

गेल्या खेपेला त्या वळणावर गाडी मेली, तेव्हा मागून एक रिकामा ट्रक जोरात चढत आला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, चाकं घसरली आणि ट्रक बाईंच्या पाठीमागं हातभर अंतरावर थांबला. बाईंनी हे सगळं हसत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून दिगंबरला धड झोप नव्हती.

“रविवारी बाई निघणार,” तो म्हणाला. “आज शुक्रवार. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणतात, ‘लोहार, गाडी माझी, जीव माझा. तुमचं काम तेवढं तुम्ही नीट करा.’ वस्ताद, त्या वळणावर त्यांचं काही झालं तर...”

त्यानं कठड्यावरचा गार चहा उचलला आणि तसाच परत ठेवला.

वस्तादांनी मांडीवरची टरफलं झटकली. दिगंबरनं आणलेली ती लाल गाडी दारातच उभी होती, उठून तिच्यापाशी गेले. गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले, थोडा वेळ तसेच राहिले, मग कण्हत सरळ झाले.

“चल,” म्हणाले.

“कुठं?”

“घाटात.”

“हत्यारांची पेटी घेतो.”

“घे की. तुला कोण नको म्हणतंय?”

ऊन चांगलंच तापलं होतं. सपाटीला गाडी अशी पळत होती, की दिगंबरला तिचा राग आला. जगाला दाखवायला गुणाची आणि वळणावर गळा कापणारी. त्याचा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यांवर आणि दोन्ही कान इंजिनात. वस्ताद डोक्यावरची टोपी एका हातानं धरून वारा खात होते.

चढ लागला. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि इंजिनाचा सूर वर वर चढत चाललेला. उंबराचं झाड दिसलं.

गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग सगळं गप्प झालं.

दिगंबरनं ती तशीच मागं घरंगळू देऊन झाडाखालच्या रुंद जागेत घेतली. वस्ताद उतरले. चाकामागं दगड लावला, करवंदीची एक फांदी मोडून रस्त्यावर टाकली. घाटातली ही जुनी रीत. मागून येणाऱ्याला पाला दिसला की तो समजतो, पुढं कुणीतरी अडलंय.

दिगंबरनं तोवर पेटी उघडून पाना काढला होता.

“ठेव ते,” वस्ताद म्हणाले.

“मग?”

“आरसा पूस.”

दिगंबरला वाटलं, वस्तादांचं डोकं उन्हानं फिरलं.

“आरसा?”

“दारावरचा. बघ की, किती धूळ बसलीय.”

“वस्ताद, गाडी बंद पडलीय!”

“म्हणून तर म्हणतोय. चालत्या गाडीचा आरसा कसा पुसशील?”

वस्तादांचा शब्द मोडायची दिगंबरला कधी सवय नव्हती. त्यानं दात ओठ खात सीटखालचं पिवळं फडकं ओढलं आणि आरशावर दोन हात मारले.

“कोपरे राहिले,” वस्ताद म्हणाले.

त्यानं कोपरे पुसले.

“मागनं पण पूस. तिथला पत्रा गंजतो.”

त्यानं मागून पुसलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. खालून एक एसटी आली, पाला बघून हळू झाली आणि वळसा घालून गेली. वस्ताद म्हणाले, आता काच पूस. मग म्हणाले, दुसरी बाजू. दिगंबर मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“आता सेल मार.”

दिगंबरनं रागानं किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली.

तो किल्लीवर हात ठेवून तसाच बसून राहिला... त्याला आरशात स्वतःचं तोंड दिसत होतं आणि ते उघडं होतं.

“वर जाऊन परत फिरव,” वस्ताद म्हणाले. “खाली उतरू, परत चढू.”

“परत?”

“का? पेट्रोल बाईंचंच आहे न्हवं?”

वर गेले, उतरले, पुन्हा चढायला लागले. उंबराच्या वळणावर उचकी, मग दुसरी, मग सगळं गप्प. दगड लागला, पाला पडला.

या खेपेला वस्तादांनी काही करायला सांगितलं नाही. ते झाडाच्या मुळावर बसून राहिले.

दिगंबरनं पेटीकडं पाहिलं. मग इकडंतिकडं पाहिलं. मग, कुणी बघत तर नाही ना अशा चोरट्या नजरेनं, त्यानं पिवळं फडकं उचललं आणि आरसा पुसायला लागला. नीट पुसला. कोपरे पुसले, मागचा पत्रा पुसला, काच पुसली, दुसरी बाजू पुसली. काही चुकू नये म्हणून त्यानं क्रमही तोच ठेवला.

सेल मारला. गाडी चालू झाली.

“वस्ताद!” तो ओरडलाच. “ही काय जादू हो? आरशात आहे काय? कुठं वायर शिवतीय काय?”

वस्तादांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला आपण शाळेतून पळालेलं पोर असल्यासारखं वाटलं.

“उतर खाली. आणखी एकदा चढू,” ते म्हणाले.

तिसऱ्यांदा गाडी मेली तेव्हा दिगंबरनं स्वतःच दगड लावला, स्वतःच पाला टाकला आणि लगबगीनं फडकं घ्यायला वळला. फडकं वस्तादांच्या हातात होतं. त्यांनी त्याचा बोळा केला आणि दरीत भिरकावला.

वाऱ्यानं ते थोडं तरंगलं आणि खाली गेलं.

“आता?” दिगंबरनं विचारलं.

“आता काय?”

“आता काय करू?”

“काही न्हाई.”

“म्हणजे?”

“काही न्हाई म्हणजे काही न्हाई. ये, बस हितं.”

दिगंबर बसला. वस्तादांच्या शेजारी, मुळावर. उंबराची पिकली फळं खाली पडून फुटली होती आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

बसला, पण बसवेना. पेटी समोर उघडी होती. पाने, पक्कड, पेचकस, सगळं उन्हात चकाकत होतं. हात असे शिवशिवत होते, की त्यानं ते मांड्यांखाली दाबून धरले. मग काढले. मग एक काडी उचलून तिचे तुकडे केले. मग उठला, बॉनेटवर तळवा टेकवला, चटका बसला म्हणून झटकन काढला आणि परत येऊन बसला.

“वस्ताद, नुसतं बघतो. उघडत न्हाई.”

“बस.”

“प्लगची टोपी ढिली असली तर...”

“दिगंबर.”

वस्तादांनी त्याला दिग्या न म्हणता दिगंबर म्हटलं, की पुढं बोलायचं नसतं हे त्याला माहीत होतं.

वेळ सरकत नव्हता. खालून एक टेम्पो कुंथत आला आणि गेला. लांब कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला आणि दिगंबरनं वळून रस्त्याकडं पाहिलं. परवा बाई इथंच असतील. एकट्या. आणि आपण, वस्तादांचा सगळ्यात हुशार पठ्ठा, इथं माश्या मोजत बसलोय. त्याला वाटलं, ओरडावं. त्याला वाटलं, रडावं. गेल्या कित्येक दिवसांत तो हाताला काम नसताना असा बसला नव्हता, आणि आता कळत होतं, की काम काढून काढून तो कशापासून पळत होता. त्याला भीती वाटत होती, साधी आणि नागडी. आपल्याला हे जमणार नाही अशी.

वस्तादांनी खिशातून राहिलेल्या शेंगा काढल्या. दोन त्याच्या हातावर ठेवल्या.

त्यानं त्या फोडून खाल्ल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं वस्ताद म्हणाले, “मार सेल.”

तो गेला. किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली.

या खेपेला तो ओरडला नाही. त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं... मग हळूच बोलायला लागला, वस्तादांशी की स्वतःशी, कुणास ठाऊक.

“बाई म्हणाल्या होत्या मला. म्हणाल्या, ‘लोहार, तुम्ही यायच्या आत एकदा आपोआप चालू झाली होती.’ मी म्हटलं, बाई, तुम्हाला भास झाला असंल.”

“बरं,” वस्ताद म्हणाले.

“गार झाली की चालू होतीय ही. मी काय बी करू दे. पॉइंट घासू दे न्हाईतर आरसा पुसू दे. तेवढ्यात ती गार होतीय.”

“बरं.”

“म्हणजे पेट्रोलच उकळतंय. नळीत वाफ धरतीय, आणि पंप नुसती वाफ ओढतोय. हे तर मी पोरांना शिकवतो, वस्ताद! पहिल्या उन्हाळ्यात शिकवतो!”

त्यानं इंजिन बंद केलं. रस्त्यावरच पाठीवर झोपला आणि गाडीखाली सरकला.

वस्तादांना त्याचे फक्त पाय दिसत होते. आधी ते हलत होते. मग हलायचे थांबले.

गाडीखाली तांब्याची नळी होती. मागच्या टाकीपासून पुढच्या पंपापर्यंत, पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ, जागच्या जागी चिमटे लावलेली, घासून लखलखीत केलेली. आणि तिच्या अंगाला अंग लावून, चढावर तापून लाल व्हायचा तेवढा बाकी असलेला सायलेन्सरचा पाइप. इतके दिवस हा पठ्ठ्या साप साप म्हणून भुई धोपटत होता, चांगली कॉइल भंगारात टाकत होता, चांगले पॉइंट घासून झिजवत होता. आणि या एका नळीवर त्याचा संशय गेला नव्हता, कारण ती त्यानं स्वतःच्या हातानं बसवली होती.

तो बाहेर आला तेव्हा कपाळावर काळा ओरखडा होता. तो उठला नाही, तिथंच पाय पसरून बसला.

“जुनी नळी अशी नव्हती,” तो म्हणाला. “गाडी पहिल्यांदा खोलली तवा बघितली होती. नळी कसली, जिलबी होती. मध्येच वाकडी होऊन पलीकडच्या अंगाला गेलेली, तिकडनं उगाच वळसा घालून पुढं आलेली. वर कसली तरी पांढरी दोरी गुंडाळलेली. मी सगळ्या गॅरेजला बोलावून दाखवली. हसलो आम्ही. म्हटलं, कुठल्या आडगावच्या अडाण्यानं केलंय हे. काढली आणि टाकून दिली. ही केली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोकं खाली वाकून वाकून या नळीचे फोटो काढत होते, वस्ताद.”

वस्ताद उंबराच्या मुळावर बसून राहिले होते.

“दोरीची गाठ कुठल्या अंगाला होती?” त्यांनी विचारलं.

“डाव्या.”

दिगंबरनं उत्तर दिलं आणि मग त्याची मान वर झाली.

“तुम्ही हे का विचारता?”

“मी सगळ्या गाठी डावीकडं मारतो. सांगितलं होतं तुला, पहिल्या वर्षी. डावीकडनं हात सहज पोचतो.”

दिगंबरला इतकी लाज वाटली, की गाडीखाली परत शिरावंसं वाटलं. सगळ्या गॅरेजला बोलावून तो ज्याच्यावर हसला होता, तो माणूस समोर बसून बोटाला लागलेलं शेंगांचं साल झटकत होता.

“बाई तरण्या होत्या तवा,” वस्ताद म्हणाले. “हितंच मरायची गाडी. याच झाडाखाली.”

घाटात वारा सुटला. पाल्याची फांदी रस्त्यावर थोडी सरकली. दिगंबरनं उठून ती जागेवर नेऊन ठेवली.

“उद्या नळी परत वळवून घेतो,” तो म्हणाला. “पलीकडच्या अंगानं नेतो. धग अडवायला वर दोरी बांधतो. उद्या संध्याकाळी एकदा चढवून बघतो. रविवारी बाई बिनघोर जातील.”

वस्तादांनी मान हलवली.

दिगंबरनं पेटी बंद केली. चाकामागचा दगड काढायला वाकला आणि तिथंच थबकला. सकाळी वस्ताद अंगणात, गुडघ्यांवर हात टेकून असेच वाकले होते.

“वस्ताद... गाडी दारात लागली तवा तुम्ही खाली वाकला होता.”

“हो.”

“तवाच दिसली तुम्हाला नळी?”

“दिसली की. डोळे अजून चांगले आहेत.”

दिगंबर ताठ झाला. सगळ्या दिवसाचं ऊन, तीन खेपांचा घाट, ते फडकं, त्या शेंगा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात चढलं. लाज होतीच, पण आता राग तिच्याही वर आला.

“मग तिथंच सांगायचं होतं की! एका शब्दाचं काम! मी रात्रीची झोप घालवलेला माणूस, परवा बाईंच्या जिवाशी गाठ आहे, आणि तुम्ही मला उन्हातान्हात आरसे पुसायला लावता? का न्हाई सांगितलं?”

वस्ताद उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, दार उघडून गाडीत बसले आणि सावकाश पाय आत घेतले...

“सांगितलं असतं, तर तू न थांबता आणखी एक दुरुस्ती केली असतीस.”